घरी फळं वाळवताना: गच्चीवरून बरणीपर्यंत

पहिल्या वर्षी मी दोन किलो चिकू वाळवले. मार्च संपत आला होता, ऊन रणरणत होतं, तीन दिवसांत फोडी छान तपकिरी आणि चिवट झाल्या. चौथ्या दिवशी दुपारी त्या खाली आणल्या आणि तशाच कोमट असताना काचेच्या बरणीत दाबून भरल्या, झाकण घट्ट लावलं. नवव्या दिवशी बरणी उघडली तर झाकणाच्या आतून पाण्याचे बारीक थेंब लटकलेले आणि मधल्या दोन-तीन फोडींवर पांढरी लव. सासूबाईंनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, वाळवण खाली आणल्यावर आधी परातीत गार होऊ द्यायचं असतं." कुरडयांचं त्यांना जे माहीत होतं तेच चिकूला लागू होतं. मी विचारलंच नव्हतं.

बरणी सगळीच्या सगळी टाकून दिली. बुरशी आलेल्या दोन फोडी काढून बाकीच्या खाणं हे फळांच्या बाबतीत अजिबात करू नये, कारण दिसते त्यापेक्षा ती आत बरीच पसरलेली असते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात काही ना काही, प्रिझर्व्हेटिव्ह न घालता, वाळवते आहे, आणि आता नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणालाही पहिलं हेच सांगते: फळ गच्चीवर क्वचितच बिघडतं, बिघडतं ते बरणीत गेल्यावर. म्हणून या लेखात कापण्या-पसरण्यापेक्षा शेवटच्या टप्प्याला जास्त जागा दिली आहे.

प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणजे नक्की काय नाही

दुकानातले सोनेरी बेदाणे आणि केशरी जर्दाळू तसे दिसतात ते गंधकाच्या धुरीमुळे, म्हणजे सल्फर डायऑक्साइडमुळे. पाकिटावर तो २२० या आकड्याने लिहिलेला असतो; २२३ आणि २२४ हे त्याचेच भाऊबंद, मेटाबायसल्फाइट. त्याने रंग टिकतो, बुरशी आणि कीड लांब राहते. दम्याच्या काही रुग्णांना मात्र त्याचा त्रास होतो, आणि माझ्यासारखे बरेच जण घरी वाळवायला लागतात ते घरात असं कुणीतरी असतं म्हणून.

हे काही न घालता वाळवायचं म्हटलं की दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. एक, फळ काळसर होणार. कापलेल्या सफरचंदाला हवा लागली की तपकिरी पडतं तेच इथे होतं. ते बिघडणं नव्हे. दुसरी जास्त महत्त्वाची: आता फळाला राखणारं फक्त कोरडेपण आहे. ताज्या फळात ७५ ते ९० टक्के पाणी असतं, ते २० टक्क्यांच्या खाली आणलं की बुरशीला वाढायला पुरेसं पाणी उरत नाही. सगळा खेळ तिथपर्यंत पोचण्याचा आणि तिथेच राहण्याचा. (मीठ आणि साखर हीसुद्धा प्रिझर्व्हेटिव्हच, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण आवळासुपारीतल्या मिठाला मी त्या यादीत धरत नाही.)

पुण्याचं ऊन आणि पुण्याचा पाऊस

उन्हात फळ वाळवायला हवेचं तापमान निदान ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. या हिशेबाने आपण नशीबवान. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पुण्याच्या दुपारी कोरड्या ठणठणीत असतात. कोकणातल्या बहिणीला एप्रिलमध्ये जे चार दिवसांत जमत नाही ते आपल्याकडे अडीच दिवसांत होतं. तापमान सारखंच असेल, पण तिच्याकडची हवा दमट. फळ वाळतं ते उन्हाच्या चटक्यापेक्षा कोरड्या वाऱ्यावर.

वैरी एकच, वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये दुपारी साडेतीनला कात्रजच्या बाजूने ढग चढायला लागले की अर्ध्या तासात गच्चीवरून सगळं खाली आलं पाहिजे. त्यामुळे त्या दिवसांत एका वेळी उचलता येईल एवढंच वाळत घाला. मी दोन सुपांच्या वर जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते पण ऊन कोवळं, त्यामुळे पातळ कापच वाळतात. जून ते सप्टेंबर उन्हाचा नाद सोडा.

कोणतं फळ घ्यायचं

पहिल्यांदा केळं किंवा चिकू. दोन्ही स्वस्त, बाराही महिने मिळणारी आणि चूक पोटात घालणारी. केळं पिवळंधमक, सालीवर दोन-चार ठिपके आलेलं घ्या. काळं पडलेलं घेतलंत तर जाळीला गोंदासारखं चिकटतं. चिकू दाबल्यावर किंचित दबेल इतपत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन पेटीच्या पेटी उचलण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा, मंडईतून दोन किलो आणा.

संध्याकाळी हातगाडीवर स्वस्तात लावलेली मऊ स्ट्रॉबेरी "वाळवायलाच तर हवी" म्हणून उचलू नका. डाग पडलेलं फळ वाळवलं की डागच वाळतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळाभर मिळते. घट्ट, पूर्ण लाल अशी निवडून घ्या.

अंजिराचा बऱ्याच जणांचा अपेक्षाभंग होतो म्हणून थोडं सविस्तर. दुकानात दोरीत ओवलेल्या चपट्या अंजिरांच्या माळा मिळतात, त्या बहुतेक अफगाणिस्तानातून येतात आणि ती जातच वेगळी. आपलं पुरंदरचं अंजीर पातळ सालीचं, रसाळ, ताजं खायचं. अख्खं वाळत घातलं तर फुटतं किंवा आत आंबतं. पण उभं अर्धं कापून, कापलेली बाजू वर ठेवून वाळवलं की छान होतं. माळ मात्र होणार नाही.

द्राक्षांच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो पाणी बाहेर पडू देत नाही. सांगली-तासगावकडे बेदाण्यासाठी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून काढतात, ती त्यासाठीच. घरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा आणि लगेच गार पाण्यात काढा. सालीला केसासारख्या बारीक चिरा पडतात, तेवढं पुरतं. बिनबियांचीच घ्या. आणि ती चार-पाच दिवसांत वाळतील असं समजू नका, घरच्या बेदाण्याला आठवडा सहज लागतो.

कलिंगड, संत्रं, सीताफळ यांच्या वाटेला जाऊ नका. पेरूच्या बिया दाताखाली खडे होतात.

सामान

डिजिटल वजनकाटा. बाकी काही नसलं तरी चालेल, काटा हवा. का ते पुढे कळेल.

खालूनही हवा लागेल असं काहीतरी. बुरूड आळीत बांबूची सुपं आणि उथळ टोपल्या मिळतात, त्या उत्तम. जाळी हवी असेल तर बोहरी आळीतून स्टेनलेस स्टीलचीच मागा. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा अॅल्युमिनियमची जाळी नको, फळातल्या आंबटपणाने ती खराब होते आणि फळाला धातूची चव येते. स्टीलची परात कामाची नाही: खालून वारा नाही, आणि एप्रिलच्या दुपारी ती इतकी तापते की फोड खालून शिजते. वर झाकायला मच्छरदाणीचा स्वच्छ धुतलेला तुकडा.

कापणं आणि पसरणं

फळ धुऊन, पुसून मगच कापा. पाच-सहा मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण दोन रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळे काप सारख्या जाडीचे. एक जाड आणि एक पातळ असेल तर पातळ कडकडीत होतो तेव्हा जाडा आतून ओलाच असतो, आणि पुढे बरणीत तोच सगळ्यांना घेऊन बुडतो. चिकूच्या सोलून, बिया काढून लांबट फोडी, एकाच्या सहा.

सफरचंद आणि केळं फार काळं पडू नये असं वाटत असेल तर लिंबाचा रस आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात दहा मिनिटं बुडवा. मी केळ्याला करत नाही. एप्रिलमध्ये लिंबं केळ्यांपेक्षा महाग असतात, आणि काळं केळं जास्त गोड लागतं असं माझं मत आहे.

आता सुपात एकेक फोड सुटी पसरा, एकमेकांना टेकू न देता. सूप जमिनीवर ठेवू नका, चार विटांवर ठेवा म्हणजे खालून वारा खेळेल. मुंग्यांसाठी जुनाच उपाय: बाज किंवा स्टूल घेऊन त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. मच्छरदाणी फळाला टेकता कामा नये, नाहीतर माश्या वरून बसतात. चार कोपऱ्यांना चार पेले उलटे ठेवून त्यावरून ताणून लावा. कबुतरांसाठी वेगळं लिहायला नको, पुण्यात राहता म्हणजे माहीतच आहे. शेजारी बांधकाम चालू असेल तर मात्र सरळ विजेच्या यंत्राकडे वळा. सिमेंटची धूळ कुठल्याही जाळीतून येते.

तीन-चार तासांनी फोडी उलटा. पहिल्यांदा उशीर केलात तर त्या चिकटतात. ऊन उतरलं की सगळं घरात घ्या, गच्चीवर रात्र काढू देऊ नका. रात्री हवा गार होते, दमट होते, आणि दिवसभर सोडलेलं पाणी फळ परत ओढून घेतं. केळं, चिकू यांना असे दोन ते तीन दिवस लागतात.

यंत्र असेल तर

विजेचा डीहायड्रेटर म्हणजे मंद हीटर आणि पंखा, बाकी काही नाही. भर पावसाळ्यातही तो चालतो याचं कारण गमतीचं आहे. पंचवीस अंशाची, ८५ टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा ५७ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १५-१६ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, हवेची ते पेलायची ताकद वाढते. म्हणजे जुलैमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यावर छोटासा एप्रिल.

तापमान ५५ ते ६० अंश ठेवा. लवकर व्हावं म्हणून ७५-८० वर नेलंत की बाहेरची बाजू पटकन वाळून कवच धरते आणि आतलं पाणी आतच अडकतं. अशी फोड हाताला वाळलेली लागते, तोडली की आत ओला गाभा. केळ्याला साधारण आठ ते दहा तास, सफरचंदाला थोडे कमी, अननसाला पंधरा-सोळापर्यंत. विजेचं म्हणाल तर ४०० वॉटचं यंत्र दहा तास चाललं तरी जास्तीत जास्त चार युनिट.

ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) बटण बहुतेक वेळा ९०-१०० अंशांपासूनच सुरू होतं, त्यामुळे तो बाद. एअरफ्रायरमध्ये वाळवण्याची वेगळी सोय असेल आणि ६० अंशांवर ठेवता येत असेल तरच. मायक्रोवेव्हमध्ये फळ वाळत नाही, शिजतं. मी करून पाहिलं आहे, केळ्याचा हलवा झाला.

वाळलं की नाही

इथे कुरडई-पापडाची सवय नडते. कुरडई वाजली की वाळली. फळातली साखर त्याला मऊच ठेवते, त्यामुळे वाजायची वाट बघत बसलात तर लाकूड होईल. आणि "मऊच असतं" म्हणून लवकर काढलंत तर माझ्या चिकूसारखं होईल. म्हणून काटा.

सुरुवातीला रिकाम्या सुपाचं वजन करून त्याच्या मागे मार्करने लिहून ठेवा. मग कापलेल्या फळाचं वजन. सोललेलं केळं एक किलो धरलं तर त्यात साधारण ७५० ग्रॅम पाणी आणि २५० ग्रॅम बाकीचा ऐवज. शेवटी २० टक्के पाणी ठेवायचं म्हणजे हा २५० ग्रॅम ऐवज एकूण वजनाच्या ८० टक्के झाला पाहिजे. अडीचशे भागिले ०.८, म्हणजे ३१२. काटा ३१० च्या आसपास आला की केळं झालं. ४०० दाखवत असेल तर वरून कितीही वाळलेलं दिसो, उद्या परत गच्चीवर.

याच हिशेबाने सोललेल्या, बिया काढलेल्या सफरचंदाचे किलोला १८५ ग्रॅमच्या आसपास उरतात, अननसाचे १७५, चिकूचे जातीप्रमाणे २८० ते ३२०. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी मी थोडी जास्त, १५ टक्क्यांपर्यंत वाळवते. द्राक्षांचे २३५ आणि स्ट्रॉबेरीचे जेमतेम ११० ग्रॅम होतात. किलोभर स्ट्रॉबेरीची ती मूठभर रास बघून घरातले हसतात. दुकानात ती महाग का, हे त्या दिवशी कळतं.

वजन जुळलं की हाताने खात्री करा, पण आधी फोड पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना सगळंच मऊ लागतं. सगळ्यांत जाड फोड निवडा, मधोमध फाडा आणि फाटलेली कड दाबा: ओलसरपणाचा मणीसुद्धा दिसता कामा नये. फोड दुमडून दोन बाजू एकमेकींना लावा, सोडल्यावर त्या चिकटून राहिल्या नाहीत तर ठीक.

बरणी

फळ गार झालं की बरणीत भरा, पण लगेच साठवायला म्हणून नाही. पारदर्शक काचेची बरणी दोन-तृतीयांश भरा, दाबू नका, झाकण लावा आणि ओट्यावर नजरेसमोर ठेवा. सात ते दहा दिवस रोज सकाळी चहा ठेवताना ती एकदा उचलून खळखळ हलवा. कितीही सारखं कापलं तरी काही फोडी थोड्या ओल्या, काही फार कोरड्या राहिलेल्या असतात. या दिवसांत ओल्या फोडींतलं पाणी कोरड्यांकडे जातं आणि सगळ्यांचं सारखं होतं. फोडी हलवूनही एकमेकींना सोडत नसतील, किंवा काचेवर आतून धुकं दिसलं, तर त्या दिवशीच बाहेर काढून पुन्हा उन्हात किंवा यंत्रात. त्या वेळी काहीही बिघडलेलं नसतं, फक्त एक दिवस जास्त लागतो. माझ्या पहिल्या बरणीनेही हे धुकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाखवलं असणार. मी ती कपाटात बंद करून ठेवली होती.

उन्हात वाळवलेल्या फळावर माश्या-पाखरांची अंडी असू शकतात, जाळी लावली तरी. ती मारण्यासाठी फळ घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी घरातल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार फळावर हवेतलं पाणी दव पडल्यासारखं बसतं आणि सगळी मेहनत वाया.

मग लहान लहान बरण्यांत वाटून ठेवा. एक मोठी बरणी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते. बरणीवर फळाचं नाव, तारीख आणि शेवटचं वजन लिहा. पुढच्या वर्षी तो आकडा सोन्यासारखा वाटतो. अंधारं, गार कपाट असेल तर साधारण सहा महिने. पुण्यात मृग लागला, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, की मी उरलेल्या सगळ्या बरण्या फ्रिजमध्ये हलवते. पाऊस येवो न येवो, हवा बदललेली असते.

खाताना एवढं लक्षात असू द्या की पाणी गेलं, साखर सगळी तिथेच आहे. चिकूच्या सहा फोडी म्हणजे एक अख्खा चिकू. गप्पा मारता मारता चार-पाच चिकू कधी पोटात गेले कळत नाही. घरात मधुमेही माणूस असेल तर बरणी मोजून समोर ठेवा.

जमायला लागल्यावर

आंबापोळी हा याचाच पुढचा धडा. आमरस एक उकळी येईपर्यंत गरम करा, गार झाल्यावर तूप लावलेल्या ताटात तीन-चार मिलिमीटर जाड ओता, वर जाळी, कडक उन्हात दोन-तीन दिवस. कडा सुटायला लागल्या की उलटा. इथे मात्र ताटच लागतं, वर सांगितलेला परातीचा नियम रसाला लागू नाही. हापूस महाग वाटला तर पायरीची करा. मला तर तिचीच जास्त आवडते. पोळी वाळली की तिचीही बरणीतली परीक्षा चुकत नाही: तुकडे करून भरा, आठवडाभर हलवा, मग गुंडाळ्या करा.

आवळ्यासाठी हिवाळ्यापर्यंत थांबावं लागेल. वाफवून पाकळ्या सुट्या करायच्या, मीठ, किसलेलं आलं आणि थोडा ओवा चोळून रात्रभर ठेवायचं, सकाळी सुपावर. ही एकच गोष्ट आमच्याकडे खडखडीत वाजेपर्यंत वाळवतात, आणि त्याचा आवाज बघायचं काम अजून सासूबाईंकडेच आहे.